एमी नामांकनांचे अंदाज: किती बरोबर आले यापेक्षा कुठे हुकले ते बघा

जुलैच्या मध्यावर एमीची, म्हणजे अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची, नामांकनं जाहीर झाली की तासाभरात टक्केवारीची चढाओढ सुरू होते. कुणाचे ८० टक्के बरोबर, कुणाचे ८५. या आकड्यातून अंदाज बांधणाऱ्याबद्दल फारसं काही कळत नाही. ज्या नावांवर सगळ्या जगाचं एकमत होतं, तीच नावं यात मोजलेली असतात. २०२५ च्या विनोदी मालिकांच्या यादीत 'हॅक्स' आणि 'द स्टुडिओ' असणार, हे सांगायला अभ्यास लागत नव्हता. 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' शेवटच्या सीझनला आत येईल की नाही, हे सांगायला लागत होता.

म्हणून अंदाज आणि प्रत्यक्ष नामांकनं शेजारी ठेवून नीट ताळा कसा करायचा, ते इथे लिहितोय. साधी स्प्रेडशीट पुरते. उदाहरणं बहुतेक २०२५ ची, म्हणजे १५ जुलैला जाहीर झालेल्या यादीतली आहेत.

यादी दोनदा गोठवा

एमीसाठी पात्रतेचं वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. नामांकनासाठीचं मतदान जूनच्या मध्यावर होतं आणि निकाल लागायला त्यानंतर तीनेक आठवडे जातात. या तीन आठवड्यांत मतपेटीत काहीही बदलत नाही, बदलतात ते फक्त अंदाज. गोल्ड डर्बीसारख्या, पुरस्कारांचे अंदाज गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर रोज क्रम वरखाली होतात, कुणी कुजबुज ऐकतो, कुणी दुसऱ्याची यादी बघून आपली फिरवतो.

तेव्हा दोन प्रती ठेवा. पहिली मतदान सुरू होण्याच्या दिवशीची, दुसरी निकालाच्या आदल्या रात्रीची. दोन्हींवर तारीख टाका आणि नंतर हात लावू नका. ताळा करताना दोन्ही प्रतींचे गुण वेगळे काढा. दुसरी प्रत पहिलीपेक्षा सरस निघाली नाही, तर मधल्या काळातल्या फेरफारांनी नुसता गोंधळ वाढवला असं धरायचं. माझ्या मते ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी आहे, पण ती करणारे फार थोडे.

प्रत्येक विभागात जागा असतील तेवढीच नावं लिहून थांबू नका. त्यापुढची तीन-चार नावंही क्रमाने लिहा. ही राखीव नावं का लागतात, ते पुढच्या मुद्द्यात आहे.

जागा किती, हे आधी मोजा

अंदाजाच्या याद्यांमधली सर्वांत टाळण्यासारखी चूक जागांच्या संख्येत होते. ड्रामा आणि विनोदी मालिका या दोन विभागांत आठ-आठ जागा ठरलेल्या आहेत. अभिनयाच्या विभागांत मात्र किती प्रवेशिका आल्या त्यावर जागा ठरतात. २०२० पासूनचा हिशोब असा: २० ते ८० प्रवेशिकांना ५ जागा, ८१ ते १६० ला ६, १६१ ते २४० ला ७ आणि त्यापुढे ८. विसापेक्षा कमी प्रवेशिका असतील तर जागा आणखी घटतात. म्हणूनच २०२५ मध्ये टॉक शोच्या विभागात तीनच नावं होती आणि लिखित व्हरायटी मालिकांत (संहितेवर चालणारे विनोदी कार्यक्रम) फक्त दोन, 'सॅटरडे नाइट लाइव्ह' आणि 'लास्ट वीक टुनाइट'.

संख्या दरवर्षी हलते. ड्रामातल्या प्रमुख अभिनेत्यासाठी २०२३ आणि २०२४ मध्ये सहा जागा होत्या, २०२५ मध्ये पाच राहिल्या. विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्यासाठीही २०२४ च्या सहावरून २०२५ ला पाच झाल्या. ड्रामातल्या सहायक अभिनेत्यासाठी २०२३ ला आठ होत्या, नंतरच्या दोन वर्षांत सात. मागच्या वर्षीची संख्या डोळे झाकून घेतली तर एक नाव उगाच जास्त लिहिलं जातं, आणि ते चुकलं की टक्केवारी पडते.

यावर उपाय सोपा आहे. तुमच्या क्रमवार यादीतली प्रत्यक्ष जागांइतकीच वरची नावं धरायची. समजा सहा नावं लिहिलीत आणि जागा पाचच निघाल्या, तर सहावं नाव हिशोबातून बाद, त्याचा ना गुण ना दंड. उलट पाच लिहिली आणि जागा सहा निघाल्या, तर राखीव यादीतलं पहिलं नाव आत घ्यायचं. 'अँडॉर'चा डिएगो लुना २०२५ मध्ये तुमच्या यादीत सहावा होता तर तुम्ही चुकला नाहीत. तिसरा होता तर चुकलात. मालिकेला नामांकन मिळालं आणि त्याला मिळालं नाही, यावर हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण हळहळ ताळ्यात मांडता येत नाही.

पात्रच नव्हतं त्याला 'डावललं' म्हणू नका

यादी आली की 'अमक्याला डावललं' अशा याद्या निघतात. त्यातली काही नावं त्या वर्षी स्पर्धेतच नसतात. 'द बेअर'मुळे हा घोळ दरवर्षी होतो. त्याचा सीझन जूनच्या अखेरीस येतो, म्हणजे पात्रतेचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. २०२५ च्या जुलैत जे नामांकन मिळालं ते जून २०२४ ला आलेल्या तिसऱ्या सीझनला. लोक तोवर चौथा सीझन बघून त्यावर बोलत होते. 'स्क्विड गेम'चंही तसंच. दुसरा सीझन डिसेंबर २०२४ चा, तो पात्र होता. तिसरा २७ जून २०२५ चा, तो पुढच्या वर्षाच्या खात्यात.

विभाग बदलणं हा दुसरा सापळा. 'शोगुन' सुरुवातीला मर्यादित मालिका, म्हणजे एकाच सीझनमध्ये संपणारी, म्हणून धरली जात होती. मे २०२४ मध्ये पुढच्या सीझनचं ठरलं आणि ती ड्रामाच्या विभागात आली. ज्यांच्या याद्या एप्रिलच्या होत्या त्यांचे दोन्ही विभाग एका दिवसात बिघडले. 'द व्हाइट लोटस'ने २०२२ ला मर्यादित मालिकेचा पुरस्कार घेतला आणि २०२३ पासून ती ड्रामात आहे. ताळा करताना अशी चूक वेगळ्या रकान्यात टाका: नाव बरोबर, विभाग चूक. ती अभिरुचीची किंवा मतदार ओळखण्याची चूक नसते. कागदपत्रं न वाचल्याची असते, आणि मतपत्रिका वाचली की पुढच्या वर्षी होत नाही.

आळशी माणसाची यादी

आता मुख्य गोष्ट. तुमचे आठपैकी सात बरोबर आले. चांगलं की साधारण? हे ठरवायला तुलनेसाठी एक आळशी यादी हवी, जी काहीही विचार न करता बनवता येते. सर्वांत सोपी म्हणजे मागच्या वर्षीची नामांकनं, त्यातून जी यंदा पात्र नाहीत ती वजा करून.

२०२४ ला विनोदी विभागात होत्या: ॲबट एलिमेंटरी, द बेअर, कर्ब युवर एन्थुझिॲझम, हॅक्स, ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग, पाम रॉयल, रिझर्व्हेशन डॉग्ज, व्हॉट वी डू इन द शॅडोज. 'कर्ब' आणि 'रिझर्व्हेशन डॉग्ज' संपल्या होत्या, 'पाम रॉयल'चा नवा सीझन त्या काळात आलाच नव्हता. उरल्या पाच. आणि २०२५ च्या यादीत त्या पाचही आहेत. म्हणजे मागची यादी नुसती उतरवून काढणाऱ्याला आठपैकी पाच फुकट मिळाले. त्यात 'द स्टुडिओ', 'श्रिंकिंग' आणि 'नोबडी वाँट्स धिस' टाकल्या की आठ पूर्ण.

ड्रामात त्याच वर्षी चित्र उलटं होतं. २०२४ च्या आठ म्हणजे द क्राउन, फॉलआउट, द गिल्डेड एज, द मॉर्निंग शो, मिस्टर अँड मिसेस स्मिथ, शोगुन, स्लो हॉर्सेस आणि थ्री बॉडी प्रॉब्लेम. यातली एकटी 'स्लो हॉर्सेस' २०२५ ला पात्र होती. बाकीच्या संपल्या होत्या किंवा त्यांचे पुढचे सीझन मे अखेरपर्यंत आले नव्हते. 'द गिल्डेड एज'चा तिसरा सीझन तर जूनमध्ये, तीनेक आठवड्यांनी हुकला. आळशी यादीला इथे आठपैकी एकच गुण.

त्यामुळे विनोदीत सात आणि ड्रामात सात हे सारखे नाहीत. हिशोब असा करा: तुमच्या बरोबर नावांतून आळशी यादीची बरोबर नावं वजा करा आणि एकूण जागांतून तीच संख्या वजा करून जो आकडा येईल त्याने भागा. विनोदीत (७ − ५) ÷ (८ − ५) म्हणजे ०.६७. ड्रामात (७ − १) ÷ (८ − १) म्हणजे ०.८६. टक्केवारी दोन्हीकडे ८७.५ आहे, पण कष्टाची कमाई ड्रामात जास्त.

कुणी म्हणेल, ड्रामासाठी ही आळशी यादी फारच बापुडवाणी आहे. बरोबर आहे. तिथे जरा कडक कसोटी लावायची: ज्या मालिकेचा कुठलातरी आधीचा सीझन या विभागात नामांकित होता ती धरायची. मग सेव्हरन्स, द व्हाइट लोटस, अँडॉर, द लास्ट ऑफ अस आणि स्लो हॉर्सेस अशा पाच बरोबर येतात. पण त्याच कसोटीने स्क्विड गेम, हाउस ऑफ द ड्रॅगन, यलोजॅकेट्स आणि द हँडमेड्स टेल यांनाही आत घ्यावं लागतं, आणि त्यातली एकही आली नाही. 'हँडमेड्स टेल'ने तर २०१७ ला हाच पुरस्कार जिंकला होता. म्हणजे ड्रामात खरा प्रश्न जुन्यांपैकी कोण गळणार हा होता. नव्यांत द पिट, पॅराडाइज आणि द डिप्लोमॅट आल्या. पहिल्या दोन पहिल्याच सीझनच्या. 'डिप्लोमॅट'च्या पहिल्या सीझनला केरी रसेलचं नामांकन मिळालं होतं, मालिकेचं मात्र दुसऱ्या सीझनला मिळालं.

हिवाळ्यातले पुरस्कार किती कामाचे

गोल्डन ग्लोबची, म्हणजे जानेवारीतल्या हॉलिवूडच्या चित्रपट-टीव्ही पुरस्कारांची, नामांकनं हाताशी असतात म्हणून बरेच जण त्यावरच यादी उभी करतात. अडचण अशी की ग्लोबचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि एमीचं जून ते मे. अर्धं वर्षच सामाईक. जानेवारी २०२५ च्या ग्लोबमध्ये ड्रामात सहा मालिका होत्या. शोगुन आणि मिस्टर अँड मिसेस स्मिथ या एमीच्या आदल्या वर्षातच निकाली निघाल्या होत्या. उरल्या द डे ऑफ द जॅकल, द डिप्लोमॅट, स्लो हॉर्सेस आणि स्क्विड गेम. त्यातल्या दोनच एमीला आल्या. विनोदीत मात्र 'द जंटलमेन' सोडून, कारण तीही आदल्या वर्षातली, बाकी पाचही आल्या: ॲबट, बेअर, हॅक्स, नोबडी वाँट्स धिस, ओन्ली मर्डर्स.

आणि द पिट, पॅराडाइज, द स्टुडिओ, ॲडोलसन्स या सगळ्या जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये आल्या. त्यांच्याबद्दल हिवाळ्यातल्या पुरस्कारांकडे काही पुरावाच असू शकत नव्हता. तेव्हा शीटमध्ये एक रकाना ठेवा: मालिका डिसेंबरच्या आधीची की नंतरची. चुका कुठल्या गटात जास्त पडतात ते बघा. नंतरच्या गटात जास्त असतील, तर तुम्ही नव्या मालिकांना कमी लेखताय किंवा ताज्या चर्चेने वाहवत जाताय. कुठल्या दिशेने, ते चुकलेल्या नावांवरून लगेच कळतं.

नुसतं हो-नाही नको, शक्यता लिहा

आठ नावं लिहिली की आठही सारख्याच खात्रीची वाटतात. तसं कधीच नसतं. म्हणून प्रत्येक नावापुढे ० ते १ मधली शक्यता लिहावी आणि निकालानंतर ब्रायर गुणांक काढावा. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसापाण्याच्या अंदाजांसाठी ही पद्धत मांडली. नामांकनांना ती तंतोतंत बसते. नामांकन मिळालं तर १, नाही तर ०. त्यातून तुमची शक्यता वजा करायची, वर्ग करायचा, सगळ्यांची सरासरी काढायची. आकडा जितका कमी तितका अंदाज चांगला.

एक पथ्य पाळायचं. विभागातल्या सगळ्या शक्यतांची बेरीज जागांइतकीच आली पाहिजे. आठ जागांसाठी बेरीज साडेनऊ येत असेल तर तुम्ही प्रत्येकाला खूश करताय.

२०२५ च्या विनोदी विभागाचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हॅक्स ०.९८, द स्टुडिओ ०.९८, ॲबट ०.९५, द बेअर ०.९३, ओन्ली मर्डर्स ०.९०, श्रिंकिंग ०.८८, नोबडी वाँट्स धिस ०.८०, अ मॅन ऑन द इनसाइड ०.४५, व्हॉट वी डू इन द शॅडोज ०.४०, द फोर सीझन्स ०.३०, पोकर फेस ०.२३, समबडी समव्हेअर ०.२०. बेरीज बरोबर ८.००.

वरच्या आठांत 'अ मॅन ऑन द इनसाइड' आहे आणि 'शॅडोज' नाही, म्हणून आठपैकी सात. वर्गांची बेरीज ०.८१८ येते, बारांनी भागल्यावर ०.०६८. यातला मोठा वाटा दोनच ओळींचा आहे: शॅडोजचा ०.३६ आणि मॅन ऑन द इनसाइडचा ०.२०२५. पहिल्या सहा ओळी मिळून ०.०३३ सुद्धा होत नाहीत. चढाओढ कुठे होती ते आकडाच दाखवतो.

आता दुसऱ्या कुणीतरी बाकी सगळं तसंच ठेवून 'मॅन ऑन द इनसाइड'ला ०.८० आणि 'शॅडोज'ला ०.०५ दिले. बेरीज तीच, बरोबर नावंही सातच. पण वर्गांची बेरीज १.७९८ आणि गुणांक ०.१५. दुपटीहून जास्त दंड. दोघांची टक्केवारी सारखी असूनही पहिल्याला आठवी जागा डळमळीत आहे हे कळलं होतं, दुसऱ्याला नव्हतं. हा फरक टक्केवारीत कधीच दिसणार नाही.

शक्यता लिहिताना १.०० आणि ०.०० टाळा. ब्रायरमध्ये त्याचा दंड मर्यादित असतो, पण एकदा १.०० लिहायची सवय लागली की ०.८५ च्या नावांनाही हात तिकडेच जातो.

एक चूक चारदा मोजू नका

अंदाज चुकतात ते सुटे सुटे चुकत नाहीत, झुबक्याने चुकतात. नामांकनाच्या फेरीत मतदाराला नावांना पसंतीक्रम द्यायचा नसतो, खुणा करायच्या असतात. ज्यांना जास्त खुणा, ते आत. अभिनयाच्या विभागांत खुणा करतात ते अभिनेते. त्यांच्यापुढे ढीगभर नावं असतात आणि त्यांनी बघितलेल्या मालिका मोजक्या. मग आवडलेल्या एकाच मालिकेतल्या तीन-चार नावांवर खुणा पडतात.

२०२३ च्या ड्रामातल्या सहायक अभिनेत्यांची यादी बघा. आठ जागा. चार 'सक्सेशन'चे: निकोलस ब्रॉन, मॅथ्यू मॅकफेडिन, ॲलन रक, अलेक्झांडर स्कार्सगार्ड. चार 'व्हाइट लोटस'चे: एफ. मरे एब्रहॅम, मायकल इंपीरिओली, थिओ जेम्स, विल शार्प. तिसऱ्या मालिकेला जागाच नाही. २०२४ ला सहायक अभिनेत्रींच्या सातांपैकी चार 'द मॉर्निंग शो'च्या होत्या. २०२५ ला सातांपैकी चार 'व्हाइट लोटस'च्या: कॅरी कून, पार्कर पोझी, नताशा रॉथवेल, एमी लू वुड. अभिनेत्यांत 'सेव्हरन्स'चे तीन, 'व्हाइट लोटस'चे तीन, आणि एकटा जेम्स मार्सडेन 'पॅराडाइज'चा. तरीही दरवर्षी याद्यांमध्ये प्रत्येक मालिकेला एक-एक जागा वाटून दिलेली दिसते. वाटणी न्याय्य दिसते, मतदान तसं होत नाही.

आता ताळ्याकडे. 'पॅराडाइज'ला ज्याने मनातून काढून टाकलं होतं त्याचे २०२५ मध्ये मालिका, स्टर्लिंग के. ब्राउन, जेम्स मार्सडेन आणि ज्युलियन निकल्सन अशा चार विभागांत गुण गेले. चार चुका म्हणाव्यात का? नाही. चूक एकच: अभिनेत्यांना ही मालिका किती आवडली आहे ते ओळखता आलं नाही. म्हणून शीटमध्ये चुकलेल्या प्रत्येक नावापुढे मूळ कारणाचा रकाना ठेवा आणि शेवटी कारणं मोजा. वीस हुकलेली नावं बऱ्याचदा सहा-सात कारणांत बसतात.

याच कारणाने आधी मालिकांचे विभाग पक्के करावेत, मग अभिनयाचे. २०२५ ला ड्रामा आणि विनोदी मिळून प्रमुख भूमिकांच्या २० नामांकनांपैकी १७ अशा मालिकांची होती, ज्यांना मालिका म्हणूनही नामांकन होतं. अपवाद तीन: 'मॅटलॉक'ची कॅथी बेट्स, 'बॅड सिस्टर्स'ची शॅरन हॉर्गन आणि 'द रेसिडन्स'ची उझो अडुबा. तिन्ही अभिनेत्री, हे लक्षात ठेवण्याजोगं. ड्रामातल्या सहायक भूमिकांत तर चौदापैकी चौदा. विनोदीतल्या सहायक अभिनेत्यांत मात्र हा नियम ढिला पडतो: कोलमन डोमिंगो 'द फोर सीझन्स'चा, बोवेन यांग 'सॅटरडे नाइट लाइव्ह'चा, आणि जेफ हिलर 'समबडी समव्हेअर'चा. हिलरचं नाव फार थोड्यांच्या यादीत असेल. पुढे पुरस्कारही त्यालाच मिळाला.

उलट दिशेने मात्र हे चालत नाही. मालिका नामांकित आहे म्हणून तिचा नायक येईलच असं नाही, लुनाचं वर सांगितलंच. 'ओन्ली मर्डर्स' आली, मार्टिन शॉर्ट आला, स्टीव्ह मार्टिन आणि सेलेना गोमेझ राहिले. जागा सहावरून पाच झाल्या की आधी असेच लोक पडतात, मालिकेतले दुसऱ्या क्रमांकाचे.

दिग्दर्शन आणि लेखनाचा ताळा स्वतंत्र ठेवा. तिथे मतदार वेगळे: दिग्दर्शनाला दिग्दर्शक, लेखनाला लेखक. मालिकांना मात्र सगळे मतदार सदस्य मत देतात आणि एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकॅडमीचे सदस्य २० हजारांच्या वर आहेत. सगळ्या विभागांची एकच सरासरी काढली तर लेखकांबद्दल तुम्ही सतत चुकताय आणि अभिनेत्यांबद्दल नाही, हे झाकलं जातं.

यादी पक्की कधी मानायची

सकाळच्या थेट प्रक्षेपणात मोजकेच विभाग वाचले जातात. २०२५ ला ते काम हार्वी गियेन आणि ब्रेंडा साँग यांनी केलं. गियेन 'शॅडोज'मधलाच, म्हणजे आठव्या जागेचा निकाल त्या जागेवरच्याच माणसासमोर लागला. पाहुण्या कलाकारांचे आणि तांत्रिक विभाग पूर्ण यादीतच मिळतात, तेव्हा ताळा प्रक्षेपणावरून करू नका. बातम्यांमधल्या याद्यांत कुठे एखादं नाव गळतं, कुठे भागाचं नाव मालिकेच्या जागी जातं. अकॅडमीच्या संकेतस्थळावरची यादी घ्या.

आणि तीही काही दिवस कच्चीच धरा. पाहुणा कलाकार म्हणून पात्र ठरायला सीझनच्या निम्म्याहून कमी भागांत काम असावं लागतं. २०१६ ला 'व्हीप'साठी पीटर मॅकनिकलला विनोदी विभागात पाहुण्या अभिनेत्याचं नामांकन जाहीर झालं. नंतर लक्षात आलं की तो दहापैकी पाच भागांत आहे, म्हणजे बरोबर निम्म्या. नामांकन रद्द झालं, त्या जागी 'गर्ल्स'मधला पीटर स्कोलारी आला, आणि पुरस्कारही स्कोलारीनेच जिंकला. त्या जुलैत ज्यांनी लगेच ताळा करून फाइल बंद केली, त्यांच्या शीटमध्ये त्या वर्षीचा विजेता नामांकितांतच नाही.

पाहुण्यांच्या विभागासाठी म्हणून आणखी एक रकाना लागतो: कलाकार किती भागांत आहे आणि सीझन किती भागांचा. आठ भागांच्या सीझनमध्ये तीन भाग चालतात, चार नाही. हे मतपत्रिका येण्याआधीच श्रेयनामावलीवरून मोजता येतं, आणि सहायक विभागात कुणाची गर्दी वाढणार तेही त्यातूनच कळतं.